भंडारा जिल्ह्यातील जुन्या घरांचे बाह्यावरण : साहित्य, हक्क आणि दुरुस्ती

वास्तूंच्या इतिहासाची साधने म्हणून आपण सामान्यतः टिकून राहिलेल्या वस्तूंकडे पाहतो. भंडारा जिल्ह्यापुरते बोलावयाचे, तर पवनी येथील जगन्नाथ टेकडीवरील स्तूपाचे उत्खनन १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी केले आणि त्याविषयीचा शां. भा. देव व जगत्पती जोशी यांचा ग्रंथ १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. दगड व वीट यांनी आपली साक्ष दिली आणि ती नोंदविली गेली. परंतु ज्या घरांत या जिल्ह्यातील बहुसंख्य माणसे पिढ्यान्पिढ्या राहिली, त्या घरांच्या भिंतींच्या बाहेरील अंगाचा इतिहास अद्याप कोणी सलगपणे मांडलेला दिसत नाही. याचे कारण उघड आहे. ते अंग टिकविण्यासाठी घडविलेलेच नव्हते. दरसाल ते झिजावे आणि दरसाल ते नवे करावे, याच हिशेबाने त्याची योजना झालेली होती. अशा वस्तूचा अवशेष जमिनीत राहत नाही. तो राहतो महसुली कागदपत्रांत, बोलीतील शब्दांत आणि काम करणाऱ्या हातांच्या सवयीत.

प्रस्तुत लेखात या बाह्यावरणाचा विचार करावयाचा आहे. जुन्या घराचे झिजलेले बाह्यावरण बदलणे ही वरवर पाहता गवंडीकामातील एक बाब वाटते. तिच्या मुळाशी मात्र दोन प्रश्न आहेत. आवरणाचे साहित्य घेण्याचा हक्क कोणाचा होता, आणि ते चढविण्याचे श्रम कोणी केले? हे दोन प्रश्न बाजूला ठेवून केलेली दुरुस्ती पुष्कळदा भिंतीच्याच मुळावर येते, असे आमचे प्रतिपादन आहे. येथे एवढे नमूद करणे अवश्य आहे, की १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत तो प्रदेश भंडारा जिल्ह्यातच मोडत असे. त्यामुळे तत्पूर्वीच्या काळाविषयीची विधाने त्या जुन्या, विस्तृत जिल्ह्यास अनुलक्षून आहेत.

१. भिंत आणि तिचे आवरण

या प्रदेशातील जुन्या भिंतींचे स्थूलमानाने दोन प्रकार पडतात. पहिला प्रकार मातीच्या भरीव भिंतीचा. मळलेल्या मातीचे थर एकावर एक रचून, प्रत्येक थर सुकू देऊन ही भिंत उभारली जाते. ती जाड असते आणि छपराचा भार पुष्कळ अंशी तीच सोसते. दुसरा प्रकार कुडाचा. यात भार लाकडी खांबांवर असतो. खांबांमधील जागा बांबूच्या कामट्यांनी, तट्ट्यांनी किंवा काटक्यांनी विणून काढतात आणि तिला दोन्ही अंगांनी मातीचा गिलावा करतात. एकाच घरात पुढील खोल्या मातीच्या भिंतींच्या व मागील सपरी कुडाची, असा संयोगही होतो. वर कवेलू किंवा, पूर्वीच्या गरीब घरांत, गवत असे.

दोन्ही प्रकारांत एक गोष्ट समान आहे. भिंतीचे मुख्य शरीर आणि तिच्यावरील बाहेरचा लेप यांची कामे भिन्न आहेत. शरीराने भार सोसावा आणि लेपाने पाऊस सोसावा, अशी ही वाटणी आहे. जिल्ह्यात सरासरीने सुमारे १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. उलट मे महिन्यात उष्णतामान ४५ अंशांच्या घरात जाते. कडक उन्हात आकसणे व लगेच पुढे पावसात भिजणे हा मार साध्या मातीला फार काळ सोसवत नाही. पावसाच्या तोंडावर येणाऱ्या बाजूच्या भिंतीवरून माती धुऊन निघते. वळचणीवरून पडणारे पाणी जमिनीवर आपटून भिंतीच्या पायथ्याशी उडते आणि तेथे ती आतून पोखरल्यासारखी होते. जमिनीतील ओल वर चढून क्षार साठतात व भिंतीला लोणा लागतो.

म्हणून बाहेरचा लेप निराळ्या मिश्रणाचा करीत. मातीत बारीक केलेले तणस, धानाचा कोंडा आणि शेण घालून तो गारा पाण्यात तुडवीत व काही दिवस मुरत ठेवीत. तणसाच्या धाग्यांमुळे लेपाला भेगा कमी पडतात. मुरण्याच्या क्रियेत तयार होणारे चिकट पदार्थ मातीचे कण धरून ठेवतात. पावसाळ्यापूर्वी ही छपाई होई. पाऊस संपल्यानंतर, दसरा-दिवाळीच्या सुमारास, भिंतीवरील ओरखडे बुजवून पांढऱ्या मातीचा पोतारा देत. अधिक मार बसणाऱ्या बाजूला पावसाळ्यापुरते तट्टे किंवा गवताचे आच्छादन बांधण्याची पद्धतही होती. पायथ्याशी ओटा राखून उडणाऱ्या पाण्यापासून भिंतीचे रक्षण केले जाई.

छप्पर, भिंत, ओटा आणि लेप अशा या योजनेत लेप हा मुद्दाम दुर्बल ठेवलेला घटक होता. तो झिजला म्हणजे भिंत वाचली, असा त्याचा अर्थ. त्याचे झिजणे हा बांधकामातील दोष समजला जात नसे.

२. साहित्याचा हक्क

दरसाल नवे करावयाचे आवरण दरसाल साहित्य मागते. माती, बांबू, गवत, तणस, शेण, पांढरी माती यांपैकी तणस व शेण शेतकऱ्याच्या स्वतःच्या घरचे. बाकीचे सर्व गावाच्या सामाईक जमिनीतून किंवा जंगलातून येई. तेव्हा घराची भिंत ही गावच्या जमीनधारणेशी बांधलेली होती.

नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर १८६१ मध्ये मध्यप्रांताची स्थापना झाली. त्यानंतरच्या बंदोबस्तात मालगुजारांना गावाचे मालक म्हणून मान्यता मिळाली. गावालगतचे पडीक रान व झुडपी जंगल त्यांच्या मालकीचे ठरले. परंतु याच बंदोबस्ताने रयतेच्या वहिवाटींचीही नोंद केली. प्रत्येक गावाच्या ‘वाजिब-उल-अर्ज’ या दस्तऐवजात गावातील रूढ हक्क लिहिले गेले आणि घरगुती गरजेपुरते लाकूड, बांबू, गवत व चराई मिळण्याच्या हक्कांना ‘निस्तार’ ही संज्ञा रूढ झाली. भिंतीच्या बाह्यावरणाच्या इतिहासाचे पहिले लेखी साधन म्हणजे हे दस्तऐवज होत. त्यांत भिंतीचे वर्णन नसते. कुडाचा बांबू आणि छपराचे गवत कोणाला, कोणत्या अटीवर मिळावयाचे, याचा मात्र त्यांतून उलगडा होतो.

या हक्कांचा उपभोग सर्वांना सारखा होता असे मानणे चुकीचे ठरेल. मालगुजाराच्या वाड्यास साहित्याची वाण नव्हती. मध्यप्रांतात मालगुजार वेठबेगार घेत असत ही गोष्ट सुविदित आहे, आणि वाड्याची डागडुजी या वेठीतून वगळली गेली असेल असे मानण्यास आधार नाही. भूमिहीन मजुराच्या झोपडीला मात्र तणसही स्वतःचे नसे. तट्टे विणणाऱ्या बुरूड समाजाची माहिती रसेल व हिरालाल यांच्या १९१६ मधील चार खंडांच्या ग्रंथात ‘बसोर’ या शीर्षकाखाली येते. त्या नोंदीत जातीच्या चालीरीती पुष्कळ आहेत. गावातील प्रत्येक कुडाची भिंत ज्या विणकरांच्या कौशल्यावर उभी होती, त्यांचे बांधकामातील स्थान मात्र तीतून स्वतंत्रपणे पुढे येत नाही.

याहूनही मोठी उणीव स्त्रियांच्या श्रमांविषयी आहे. भिंत उभारणे हे बहुधा पुरुषांचे काम समजले जाई, तर ती राखणे हे स्त्रियांचे. माती आणणे, गारा तुडविणे, छपाई, सारवण, पोतारा ही कामे त्यांच्याकडे असत. या श्रमाला मजुरी नसल्यामुळे त्याची नोंद झाली नाही. आवरण ‘स्वस्त’ होते असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा त्या स्वस्ताईत हे श्रम हिशेबाबाहेर राहिलेले असतात, याचे भान अभ्यासकाने ठेवले पाहिजे.

३. हक्काचे स्थलांतर

मध्यप्रदेशातील मालकी हक्क निर्मूलन अधिनियम १९५० मध्ये संमत झाला आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली. गावचे पडीक रान व जंगल शासनाकडे आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आले. तरी निस्ताराची परंपरा कायद्यात शिल्लक राहिली. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील नववे प्रकरण खास विदर्भासाठी असून त्यातील कलम १६१ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्याने प्रत्येक गावाचे निस्तारपत्रक तयार करावयाचे आहे. कलम १६२ मध्ये त्या पत्रकात यावयाच्या बाबी सांगितल्या आहेत. लाकूड, जळण व अन्य वनोपज यांच्या जोडीने मुरूम, कंकर, वाळू, माती, चिकणमाती व दगड यांचा तेथे उल्लेख आहे. ही यादी लक्षपूर्वक वाचली, तर जुन्या घराच्या भिंतीचे जवळजवळ सर्व साहित्य तीत सापडते. महसुली कायद्याच्या कोरड्या भाषेत घरबांधणीची एक परंपराच जणू जतन झाली आहे.

तथापि कागदावरील हक्क आणि हाती येणारा बांबू यांत अंतर पडत गेले. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या बल्लारपूरच्या कागद कारखान्यासारख्या उद्योगांमुळे विदर्भातील बांबू कारखान्याचा कच्चा माल झाला. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नंतर अभयारण्यांतील वनोपज काढण्यावर निर्बंध आले. भंडारा जिल्ह्यातील कोका अभयारण्य २०१३ मध्ये घोषित झाले. उलट दिशेने पाहिले, तर २००६ च्या वनहक्क अधिनियमाने कलम ३ मध्ये निस्तारासारख्या सामूहिक हक्कांना नाव घेऊन मान्यता दिली व बांबूचा समावेश गौण वनोपजात केला. २०१७ मध्ये भारतीय वन अधिनियमातील दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरील बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळण्यात आला. हक्क एका हाताने गेला व दुसऱ्या हाताने काही अंशी परत आला.

परंतु मधल्या काळात साहित्याची बाकीची साखळीच तुटत गेली होती. १९६६ नंतर भारतात पसरलेल्या धानाच्या बुटक्या जातींमुळे दाण्याचे उत्पन्न वाढले, पण तणसाची लांबी घटली. बैलांची जागा ट्रॅक्टरने घेतली, तेव्हा शेणही कमी झाले. स्त्रिया धानाच्या रोवणीला, विड्या वळण्याला व अन्य रोजगाराला जाऊ लागल्या, तेव्हा बिनमोबदल्याचा छपाईचा काळ उरला नाही. अशा स्थितीत आवरण झिजले, तर ते पूर्वीच्याच रीतीने नवे करण्याचा मार्ग अनेक कुटुंबांपुढे राहिला नाही.

४. पत्रा, वीट आणि सिमेंट

नागपूर-छत्तीसगड लोहमार्ग १८८० नंतर टप्प्याटप्प्याने सुरू झाला आणि पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने तो रुंद मापाचा केला. दूरवरचे बांधकामाचे साहित्य जिल्ह्यात आणणे त्यामुळे शक्य झाले. नालीदार पत्रा, भाजलेली वीट व पुढे सिमेंट यांनी हळूहळू प्रतिष्ठा मिळविली. या प्रतिष्ठेला प्रशासकीय वर्गीकरणाची जोड मिळाली. १९६१ च्या जनगणनेपासून घराच्या भिंतीचे व छपराचे साहित्य ही नोंदण्याची बाब झाली. १९८५-८६ मध्ये सुरू झालेली इंदिरा आवास योजना व तिच्या जागी २०१६ मध्ये आलेली प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) यांनी ‘कच्चे’ व ‘पक्के’ हे शब्द हक्काच्या भाषेत आणले. २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जातिनिहाय गणनेत कच्च्या भिंती व कच्चे छप्पर असलेली एकच खोली हे वंचिततेचे एक लक्षण ठरविले गेले.

पक्क्या घराची इच्छा सर्वथा रास्त आहे. दरवर्षीची छपाई, वाळवी, उंदीर व सर्प यांचा उपद्रव आणि मातीच्या घराला चिकटलेली गरिबीची ओळख ज्यांनी सोसली, त्यांना मातीच्या भिंतीचे सौंदर्य समजावून सांगण्याचा अधिकार कोणास नाही. अडचण निराळीच आहे. संपूर्ण घर बदलण्याइतका पैसा नसलेले कुटुंब केवळ बाहेरचे अंग बदलते. मातीच्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करतात किंवा तिच्या बाहेरून विटेचा पातळ पडदा उभारतात. येथे जुन्या योजनेतील श्रमविभाग उलटा होतो.

माती ओल घेते व सोडते. सिमेंटचा गिलावा ती वाट पुष्कळशी बंद करतो. शिवाय ऊन व ओल यांनी दोहोंचे आकुंचन-प्रसरण सारखे होत नाही, त्यामुळे गिलावा भिंतीपासून सुटतो आणि त्याला सूक्ष्म भेगा पडतात. भेगेतून शिरलेले पावसाचे पाणी आत अडकते. जमिनीतून चढणारी ओलही बाहेर पडत नाही. भिंतीचे शरीर आतून मऊ होते, परंतु बाहेरून ती घट्ट व कोरडी दिसते. जुना लेप झिजून धोक्याची सूचना देत असे. नवे आवरण ती सूचनाच झाकून टाकते. त्यामुळे भिंत पडते ती पुष्कळदा पूर्वसूचनेशिवाय, आणि तेही घरात माणसे निजलेली असताना.

हा अनुभव या जिल्ह्यापुरता मर्यादित नाही. इंग्लंडातील डेव्हन परगण्यात मातीच्या भिंतींची जुनी घरे पुष्कळ आहेत. तेथे विसाव्या शतकात चुन्याच्या गिलाव्याऐवजी सिमेंटचा गिलावा दिलेल्या काही भिंती याच कारणाने ढासळल्या. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर जुन्या घरांच्या लाकडी फळ्यांवर ॲल्युमिनियमची व पुढे व्हिनिलची आवरणे चढविण्याची लाट आली, तेव्हा आतील लाकडाची कूज दृष्टिआड होते असा इशारा तेथील जतनतज्ज्ञांना द्यावा लागला. उलट पश्चिम आफ्रिकेतील माली देशात जेने येथील मातीच्या मोठ्या मशिदीला सर्व नगर मिळून दरवर्षी मातीचा नवा लेप देते. हे नगर १९८८ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. साहित्य, देश व हवामान भिन्न असूनही या उदाहरणांतून एकच तत्त्व निघते. आवरण हे आतल्या शरीराहून मऊ व सच्छिद्र असावे, आणि ते बदलण्याची तजवीज समाजात असावी.

५. दुरुस्तीचा प्रश्न

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेल्या महापुराने भंडारा शहरात व नदीकाठच्या अनेक गावांत पाणी शिरले आणि घरांची मोठी हानी झाली. पुराच्या पाण्यात दीर्घकाळ उभी राहिलेली मातीची भिंत कोणत्याही आवरणाने वाचत नाही, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. पाया खचलेली किंवा ओळंब्यातून गेलेली भिंत उतरविणे हाच सुरक्षित मार्ग होय. परंतु ज्या भिंतीचे शरीर शाबूत आहे व केवळ आवरण जीर्ण झाले आहे, तिच्याबाबतीत पूर्वानुभवाचा उपयोग होण्यासारखा आहे.

अशा भिंतीचा सुटलेला सिमेंटचा थर काढून तिला एक उन्हाळा कोरडी होऊ द्यावी लागते. पायथ्याचा पोखरलेला भाग तशाच मातीने भरून ओट्याचा उतार बाहेरच्या बाजूला ठेवावा लागतो. वळचण पुरेशी पुढे आणावी लागते, कारण छपराची उणीव कोणताही लेप भरून काढीत नाही. त्यानंतर मूळ मातीशी जुळणारा, तणसयुक्त लेप पातळ थरांनी द्यावयाचा. दरसालच्या श्रमाचा भार हलका करण्याचे मार्गही शोधले गेले आहेत. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने मातीत तणसाबरोबर पातळ केलेले डांबर अल्प प्रमाणात मिसळून पावसाने सहसा न धुपणारा गिलावा तयार केला. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रानेही मातीच्या बांधकामातील सुधारणांचे काम केले आहे. हे प्रयोग प्रयोगशाळेत व प्रात्यक्षिकांत अडकून राहिले, याचे एक कारण असे संभवते, की ‘कच्ची’ ठरलेली भिंत दुरुस्त करण्यापेक्षा ती पाडून नवी बांधण्यास साहाय्य देणे हेच शासकीय योजनांचे मुख्य सूत्र राहिले. पाडण्याची वाट पाहत असलेल्या घराचे मधले दहा-पंधरा पावसाळे मग कोणाच्याच विचारात येत नाहीत. माणसे मात्र तेच पावसाळे त्या भिंतीखाली काढतात.

६. उपसंहार

वरील विवेचनावरून काही अनुमाने काढता येतात. पहिले असे, की या जिल्ह्यातील घराचे बाह्यावरण हे नित्य नवे होण्यासाठीच योजलेले होते आणि त्याची नित्यता निस्ताराच्या हक्कावर व स्त्रियांच्या बिनमोबदल्याच्या श्रमावर उभी होती. दुसरे असे, की हे दोन्ही आधार डळमळीत झाल्यानंतर आवरण ‘कायमचे’ करण्याची गरज भासू लागली, आणि भिंत तीच ठेवून केवळ आवरण कायमचे करण्याच्या प्रयत्नातून आजचा धोका निर्माण झाला. तिसरे असे, की निस्ताराचा हक्क कायद्यात अद्याप जिवंत आहे. वनहक्क अधिनियमाने त्याला नवे बळही दिले आहे. त्याचा उपयोग घरदुरुस्तीसाठी कसा होईल, हा इतिहासाच्या अभ्यासकाने प्रशासनापुढे मांडण्याजोगा प्रश्न आहे.

या विषयात पुढील संशोधनास पुष्कळ वाव आहे. वाजिब-उल-अर्ज व निस्तारपत्रके गाववार वाचून त्यांतील माती, बांबू व गवत यांच्या नोंदी एकत्र केल्या पाहिजेत. साकोली, लाखांदूर व तुमसर या तालुक्यांतील वनालगतची गावे आणि वैनगंगेच्या काठावरील पवनी व मोहाडीकडील गावे यांची तुलना या दृष्टीने उद्बोधक ठरेल. झाडीबोलीत भिंत, कुड, गारा व पोतारा यांच्याभोवती असलेला शब्दसंग्रह वयोवृद्ध स्त्रियांकडून नोंदवून घेतला पाहिजे, कारण कोणत्या मातीत किती तणस व ती किती दिवस मुरवावी हे ज्ञान कोणत्याही अभिलेखागारात नाही. उभ्या असलेल्या जुन्या घरांची मोजमापे व आवरणांचे थर यांची नोंद करणे हे तर विद्यार्थ्यांच्या आटोक्यातील काम आहे. एका पावसाळ्यापूर्वी व त्याच पावसाळ्यानंतर एकाच गावातील वीस भिंती तपासल्या, तरी सिमेंटच्या आवरणाखालील भिंत व मातीच्या आवरणाखालील भिंत यांतील फरक प्रत्यक्ष मोजता येईल. तशी मोजणी हाती आल्यास, जुन्या भिंतीखाली अजून राहत असलेल्या कुटुंबांना येत्या पावसाळ्यात काय करावे हे सांगण्याइतके तरी ज्ञान आपल्यापाशी असेल.